नमुना म्हंजी चव बघायलाच की

लोक समुद्रावर जातात ते सूर्यास्त बघायला. मी गेली वीस वर्षं ओहोटीची वेळ बघून जाते आणि पिशवीभर चिखल घेऊन घरी येते. रत्नागिरीच्या बाजूला एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, आणि उरलेल्या वेळात खाडीतल्या गाळात आणि त्या गाळात राहणाऱ्या तिसऱ्या, कालवं, मुळे असल्या शिंपल्यांच्या अंगात शिसं, कॅडमियम, पारा असले जड धातू किती साठलेत ते मोजते. चारचौघांत हे काम सांगायची सोय नाही. सासूबाई अजूनही शेजारणींना सांगतात, की सून मासळीच्या धंद्यात आहे.

असल्या बाईने घाट चढून साताऱ्या-सांगलीला जायचं कारण म्हणजे एक पत्र. रेडिओवर माझं दहा मिनिटांचं भाषण झालं होतं. ते माझ्या घरीसुद्धा कुणी ऐकलं नाही, पण सांगलीच्या अलीकडे कृष्णाकाठच्या एका गावात एका माणसाने कान देऊन ऐकलं होतं. पत्र असं होतं:

"सविनय जयहिंद. आपण म्हणालात की शिंपला दिवसभर पाणी गाळतो आणि त्यातले विष अंगात ठेवतो. आमच्या गावी कृष्णा आहे. तीत वरच्या वसाहतीचा नाला पडतो. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, पाचवा महिना चालू आहे. अंगात रक्त कमी म्हणून तिला मी रोज नदीच्या खेकड्यांचे कढण देतो, कधी शिंपा. द्यावे की बंद करावे, ते एका शब्दात कळवावे. आपला, सुभेदार (निवृत्त)."

आमच्या धंद्यात एका शब्दात काही सांगता येत नाही, म्हणून तर पगार चालू राहतो. मी फोन करून म्हटलं, की तपासल्याशिवाय सांगणं कठीण आहे, तोवर बंद ठेवा. "येस मॅडम," असं खणखणीत उत्तर आलं. त्यांनी बंद काही केलं नाही, खेकडे धरायची जागा नाल्याच्या वर हलवली. हे मला नंतर कळलं. पण ते पत्र टेबलावर पडून राहिलं आणि मला काही सुचेना. खाडीतल्या तिसऱ्या कोण खातं ते मला माहीत नसतं. इथे खाणारीचा महिनासुद्धा कळला होता.

दिवाळीची सुट्टी संपून उसाची तोडणी सुरू झाली, नदीचं पाणी उतरलं, तेव्हा कॉलेजची जुनी जीप घेऊन आम्ही दोघं निघालो. दुसरे म्हणजे बावकर. आमच्या प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मदतनीस, मूळचे मालवणचे, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. गाडी तेच चालवतात, नमुने तेच बांधतात आणि माझ्या चुका तेच काढतात.

मेढा

नाल्याचा चिखल किती वाईट आहे हे सांगायचं तर आधी चांगला चिखल कसा असतो ते दाखवावं लागतं. म्हणून पहिला मुक्काम मेढ्याला, जावळीच्या डोंगरात. इथली वेण्णा पुढे साताऱ्याजवळ कृष्णेला मिळते.

या नद्यांचं मला कधी कळलेलं नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर उभं राहिलं तर समुद्र इतका जवळ, की आमच्या बाजूला पडलेला पाऊस दुपारच्या जेवणाआधी खाडीत पोचावा. या बाया मात्र त्याच डोंगरावर जन्मून समुद्राला पाठ दाखवतात आणि अख्खा देश ओलांडून पलीकडच्या समुद्राला जातात. वाटेत जो जे टाकेल ते पदरात घेत जातात.

मेढ्यात एका चहाच्या हॉटेलात सात-आठ पुरुषमाणसं बसली होती. ओढ्याची चांगली जागा विचारावी म्हणून मी वर्गात बोलते तशा स्पष्ट आवाजात सांगितलं, "आम्ही रत्नागिरीहून आलोय. इथल्या खेकड्यांमधले जड धातू तपासायचेत."

वाक्य मी पूर्ण म्हटलं होतं. ऐकणाऱ्यांनी फक्त शेवटचे दोन शब्द ऐकले. दोघं उठून बाहेर गेले. एकाने बशीत तोंड घातलं ते वर काढलंच नाही. माझं काय चुकलं ते मला कळेना. शेवटी चुलीपाशी बसलेली हॉटेलवाल्याची म्हातारी आई म्हणाली, "बाई, धातूचा डाक्टर बाजाराच्या दिशी येतोय. आज न्हाई. आन बाईमानूस डाक्टर म्हनल्यावर हितं कोन दाखवाया बसलंय?"

तेव्हा माझं लक्ष समोरच्या भिंतीवर गेलं. तिथे निळ्या अक्षरांत एका वैद्याची जाहिरात रंगवली होती, आणि त्यातला पहिलाच शब्द धातू होता. त्यापुढचं मी इथे लिहीत नाही. वीस वर्षं मी हा शब्द वर्गात फळ्यावर लिहिते, आणि मागच्या बाकावरची मुलं का हसतात ते मला मेढ्यात कळलं. बावकर जीपचं बॉनेट उघडून आत वाकले होते. गाडीला काही झालं नव्हतं, त्यांचे खांदे हलत होते.

ओढ्यात उतरून गाळ काढत होते तर बशीत तोंड घातलेला गडी मागून आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "मॅडम, तपासनीला काय आनावं लागतंय?"

"चिखल," मी म्हटलं. "आणि एक खेकडा. जिवंत."

त्याने बराच वेळ विचार केला. "दोन आनतो. एक भावाचा."

आणि खरोखरच तासाभरात तो कपारीतले दोन दणकट खेकडे फडक्यात बांधून घेऊन आला. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ऐकून न घेता तो "कुनाला बोलू नका" म्हणून निघून गेला. आमच्या यादीत ते मेढा-एक आणि मेढा-दोन म्हणून आहेत. त्यातला भावाचा कुठला ते मला माहीत नाही. दोघंही निर्मळ निघाले.

कऱ्हाडच्या खाली

या दिवशी मी रुतले. खाडीच्या चिखलाशी माझी ओळख आहे. तो दिसतो तसाच असतो. नदीचा गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला, सभ्य दिसतो आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत घेतो. उजवी चप्पल त्याने घेतली ती घेतलीच. बावकर काठावरून म्हणाले, "बाईनू, हलू नकात," आणि स्वतःही हलले नाहीत.

मला बाहेर काढलं ते दुष्काळी माण तालुक्यातल्या एका मेंढपाळाने. त्याचा कळप तोडणी झालेल्या उसाच्या रानात बसवला होता. रानाला लेंडीखत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो. त्याने काठी पुढे केली, मी धरली, आणि साधारण म्हैस काढावी तशी निघाले.

"हितं कशापायी रुतताय बाई," तो म्हणाला. "आमच्या मानात या. तितं कवा कुनी रुतत न्हाई."

"का?"

"रुताया पानी लागतंय न्हवं."

मी काय करते ते त्याने विचारलं. आता शहाणी झाले होते. धातूचं नाव न काढता म्हटलं, "पाण्यातून काही जड पदार्थ येतात, ते चिखलात बसतात. ते मोजते."

"म्हंजी पानी जड हाय का ते बघताय. मंग त्याला मशिन कशाला? डाळ शिजत घाला. शिजली न्हाई तर पानी जड." त्याने मान हलवली. "आमची नदी त्या बाबतीत लय झ्याक बघा. वरीसभर पानीच न्हाई, तर बिघडंल कशानं?"

त्याच्या बायकोने आम्हाला बाजरीची भाकरी आणि खर्डा दिला. मी दोन भाकरी खाल्ल्या. बावकर भात नसेल तर जेवण झालं असं मानत नाहीत. पहिल्या घासालाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाहुणचाराला नाव ठेवायचं नाही म्हणून तांब्याभर पाणी पिऊन हसत राहिले.

मी पिशवीवरची चिठ्ठी भरत होते. ही आमची ठरलेली चिठ्ठी. ठिकाण, तारीख, खोली, नमुना कोणी घेतला, आणि शेवटी शेरा. वीस वर्षांत शेऱ्याचा रकाना कुणी भरलेला मी पाहिला नाही. मेंढपाळाने माझ्या खांद्यावरून वाकून ती चिठ्ठी अक्षर लावून वाचली.

"ह्यो रकामा कशापायी ठिवलाय?"

"काही वेगळं घडलं तर लिहायचं असतं."

"मंग लिवा की. बाई रुतली."

मी ते लिहिलं नाही. शास्त्राची अब्रू राखायला हवी होती, एका चपलेवर का होईना.

सुभेदारांचं गाव

गावाचं नाव सांगत नाही, कारण मग नाल्याचंही सांगावं लागेल आणि ते प्रकरण अजून कागदावर चालू आहे. फाट्यावरच सुभेदार उभे होते. साठीच्या आतले, मिशा पांढऱ्या, इस्त्रीची पँट आणि पायात रबरी बूट. बंगला उसाच्या मळ्याला लागून. दारात तुळस, तिच्या शेजारी झेंड्याचा खांब.

त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, यांनी गूळपाणी आणलं. आणि मुलगी पूजा. सांगलीला विश्रामबागेत एका ऑफिसात नोकरी करणारी, चौथ्या महिन्यातच रजा घेऊन आलेली, आता सातवा लागलेली, आणि बापाच्या शिस्तीला वैतागलेली.

"मावशी, बरं झालं आलात," तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. "तीन महिने मी खेकडेच खाते आहे. पोरगं आडवं चालत बाहेर येणार."

"आवं, रक्त भरतंय त्यानं," वहिनी आतून म्हणाल्या.

आमच्याकडे पोटुशीला शहाळं देतात, तिसऱ्यांचं निवळ देतात. इथे खेकड्याचं कढण. घाट ओलांडला की कवच बदलतं, पाजणारे तेच असतात. नदीच्या काळ्या शिंपा टोपलीत पाहून बावकरांनी मात्र तोंड फिरवलं. "ह्येंका खातत? आमच्याकडे ह्येंचो चुनो करतत."

चुलीवर पितळेचं मोठं पातेलं होतं. आत इतकी चकचकीत कल्हई, की पूजा त्यात बघून टिकली सारखी करायची. सुभेदार ते कौतुकाने वाजवून दाखवत म्हणाले, "माझ्या आईचं हाय. लेक येनार म्हनल्यावर कल्हईवाला धरला, हितं अंगनात बसवला आन समोर उभा ऱ्हाऊन करून घेतली. ष्टीलच्या भांड्यात शिजल्याली चीज अंगी लागत न्हाई, मॅडम." मी हो म्हटलं. पाहुण्याने यजमानाच्या भांड्याला हो म्हणायचं असतं.

मग त्यांनी नकाशा काढला. पुठ्ठ्यावर निळी नदी, हिरवा ऊस आणि लाल नाला. लाल रेघेच्या टोकाला चक्क 'शत्रू' असं लिहिलं होतं. नाल्याविरुद्ध त्यांनी केलेल्या अर्जांची फाईल माझ्या पीएचडीच्या प्रबंधापेक्षा जाड होती. "सरहद्दीवर दुश्मन दिसत तरी व्हता," ते म्हणाले. "ह्यो रोज पान्यातनं येतोय आन माझ्या लेकीच्या वाटीत बसतोय, असं वाटतंय. झोप लागत न्हाई बघा." हे बोलताना त्यांचा आवाज एकदम खाली आला. तोवर मला हा माणूस थोडा विनोदी वाटत होता. तिथून पुढे वाटला नाही.

आम्ही तीन ठिकाणचे नमुने घेतले. नाल्याच्या वर, नाल्याच्या तोंडाशी आणि खाली. नाल्याच्या तोंडाशी गाळ काळा, तेलकट, आणि वास असा की बावकरांनासुद्धा नाकाला रुमाल लावावा लागला. वरच्या अंगाला, जिथून सुभेदार हल्ली खेकडे आणत होते, तिथे पाणी स्वच्छ दिसत होतं. तिथले सहा खेकडे आम्ही पिशवीत बांधले. पूजाच्या वाटीत जाणारे तेच, म्हणजे माझ्या दृष्टीने सगळ्या प्रवासात महत्त्वाचे तेच.

बर्फाचा डबा चिखलाने भरला होता. चिखल विश्रामबागेत एका ओळखीच्या प्रयोगशाळेत त्याच दिवशी चाळून वाळवायला टाकायचा होता. रस्ता दाखवायला सुभेदार आमच्याबरोबर येणार होते. निघताना मी वहिनींच्या हातात दोन पिशव्या दिल्या. एक आमसुलांची, घरून आणलेली भेट. दुसरी खेकड्यांची. "ही आमसुलं तुमच्यासाठी, वहिनी," मी म्हटलं. "आणि हा नमुना. फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी बघते."

माझे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत, म्हणजे दोष कुणाचा ते वाचणाऱ्याने ठरवावं.

विश्रामबाग आणि परत

विश्रामबागेतल्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की मी नवीन चप्पल घेतली आणि बावकरांना एका खानावळीत भात मिळाला. भात बघून त्यांचा चेहरा जसा फुलला तसा माझ्या पदवीदानालाही माझ्या आईचा फुलला नव्हता.

दिवेलागणीला परत आलो तर पाटपाणी झालेलं. वहिनींनी हौसेने ताटं मांडली होती. मध्ये ते पितळी पातेलं, त्यातून वाफ, आणि वासात एक ओळखीचा आंबटपणा. माझ्या आमसुलांचा. पूजाची अर्धी वाटी संपली होती.

"वहिनी," मी म्हटलं, "ते खेकडे कुठले?"

"तुमीच आनल्यालं की. कोकनातनं."

मग मी बोलले, आणि नको तेवढं बोलले. घाट चढून कशासाठी आलो, ते सहा खेकडे म्हणजे काय होतं, फ्रिज म्हणजे काय, सांभाळणं म्हणजे काय. दुसऱ्याच्या घरात पाटावर बसून मी हे सगळं बोलले. मला राग आला की थांबता येत नाही, हे नवऱ्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

वहिनी शांतपणे पदर सावरत म्हणाल्या, "तुमीच म्हनाला न्हवं, ह्यो नमुना हाय म्हनून? नमुना म्हंजी चव बघायलाच की. सहाच हायीत, आवडलं तर म्हागनं जास्ती धाडतील, आसं मला वाटलं. आन संगं आंबट बी दिल्तासा. पाव्हन्यानं पोटुशीसाठी आनल्यालं तसंच फ्रिजात ठिवत न्हाईत, बाई. पाव्हना हाय तवर तिला खायाला घालावं लागतंय."

सुभेदार ताठ बसून भिंतीकडे बघत होते. पूजा मात्र फसफसून हसली आणि तिला ठसका लागला.

"रस्सो बरो झालो हा," बावकर म्हणाले. त्यांची वाटी रिकामी होती.

रागाच्या भरात मी उठले, जीपमधली एक धुतलेली बाटली आणली, पातेल्यातला रस्सा तीत भरला आणि टोपण गच्च लावलं. त्याचा काही उपयोग होईल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. निव्वळ खोडसाळपणा होता. चिठ्ठीवर लिहिलं: ठिकाण, सुभेदारांचं स्वयंपाकघर. खोली, पातेल्याच्या तळापर्यंत. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'शिजला'.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ओसरीवर बादलीत सहा खेकडे होते, आणि शेजारी गुडघ्यापर्यंत भिजलेले सुभेदार. वहिनींनी वाटेसाठी धपाटे बांधून दिले. त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, याची मला जास्त लाज वाटली. निघताना मी पूजाला निकाल येईपर्यंत खेकडे आणि शिंपा बंद करायला लावले. तिने माझे हात धरून आभार मानले.

घरी

निकालाला तीन आठवडे लागले. मशिन आमचं नाही, रांगेत उभं राहावं लागतं.

नाल्याच्या तोंडाशी गाळात जे सापडलं ते आमच्या बंदराच्या सगळ्यात घाणेरड्या कोपऱ्याला शोभलं असतं. नाल्याखालच्या शिंपा कुणी खाऊ नयेत. सुभेदारांचा लाल रंग बरोबर होता. पण वरच्या अंगाचे खेकडे, ते बादलीतले सहा, जवळजवळ मेढ्याच्या दोन भावांइतके निर्मळ निघाले. पूजाच्या वाटीत नाला नव्हता. मला इतका आनंद झाला, की मी सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, धंदा चांगला चाललाय तर.

बाटलीचा निकाल सगळ्यात खाली होता. तीत शिसं इतकं होतं, की मशिन बिघडलं असेल म्हणून मी परत मोजायला लावलं. परत तेवढंच. तीच नदी, तीच जागा. कच्चा खेकडा साफ आणि शिजलेला विषारी. नदीने काही केलं नव्हतं, मग केलं कोणी? दोन दिवस मी रसायनशास्त्राची मोठमोठी कारणं शोधत होते.

"बाईनू," नळ्या धुता धुता बावकर म्हणाले, "पातेला."

कल्हई कथलाची करतात. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि दोन्ही सारखंच चकाकतं. कुणीतरी ते मिसळलं होतं, त्या कल्हईवाल्याने किंवा त्याला कथील विकणाऱ्याने, देव जाणे. त्यात आंबट शिजवलं की शिसं सुटून रश्श्यात उतरतं. रोज ते कढणातल्या चिंचेने उतरत होतं. त्या दिवशी माझ्या आमसुलांनी उतरवलं. आणि मी ते पातेलं माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, हो म्हटलं होतं, वीस वर्षं शिसं मोजणाऱ्या बाईने. सगळ्यात वाईट म्हणजे खेकडे मी बंद केले होते, पातेलं नव्हतं. वहिनी तीन आठवडे त्यातच पूजासाठी आमटी करत असणार.

मी लगेच फोन लावला.

"जयहिंद मॅडम," सुभेदार म्हणाले. "आता तरी एका शब्दात सांगा."

"पातेलं," मी म्हटलं.

मग मला सगळं समजावून सांगावं लागलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "म्या स्वता उभा ऱ्हाऊन करून घेतली, मॅडम. तीनदा पुसाया लावली. चकाकली न्हाई म्हनून." आणि जयहिंद न म्हणता त्यांनी फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. नाल्याला शत्रू म्हणणं सोपं होतं. या माणसाने लेकीला जपण्यासाठी जे जे केलं, त्यातच ते निघालं होतं.

दोन दिवसांनी पूजाचा फोन आला. विश्रामबागेत डॉक्टरांकडे रक्त तपासलं होतं. शिसं होतं, असायला हवं त्यापेक्षा जास्त. पण वेळेवर कळलं, असं डॉक्टर म्हणाले होते. पातेलं बंद, दूध आणि लोहाच्या गोळ्या चालू, आणि बाळाची नंतर तपासणी. "बाबा जेवत नाहीत मावशी," ती म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, नाला तर खरा निघालाच ना. तर म्हणाले, फाईल तिकडं ठिव." मी तिला शहाळं पी म्हटलं.

अहवाल मी संबंधित कार्यालयात पाठवला. पोच आली. नाला आहे तिथेच आहे.

मग बरेच दिवस तिकडून काही कळलं नाही. मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. बावकर रोज विचारायचे, आणि मी वर्गाला उशीर झालाय असं सांगून निघून जायची. उन्हाळा लागल्यावर एक दिवस एसटीच्या पार्सलने गोणपाटात शिवलेलं एक गाठोडं आलं. बावकरांनी शिवण उसवली. आत ते पातेलं होतं, घासूनपुसून स्वच्छ केलेलं, आणि त्याच्या कडीला सुतळीने आमचीच एक चिठ्ठी बांधलेली. त्या दिवशी ओसरीवर पडली असावी. लष्करी, सरळ अक्षरात सगळे रकाने भरले होते.

ठिकाण: माझे घर.

खोली: तळापर्यंत.

नमुना कोणी घेतला: सुभेदार (निवृत्त), स्वतः. नाल्यावर अर्ज परत चालू केला आहे. त्याआधी घरचा शत्रू जमा करतो.

शेरा: मुलगी झाली. रक्त तपासले, ठीक आहे. आडवी चालण्याची लक्षणे नाहीत.